यॅन, टॅन, टेथरा : मेंढरांच्या मोजणीचा वंश

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात, म्हणजे कंब्रिया, यॉर्कशायर आणि डरहॅममध्ये, मेंढरं मोजण्याची एक जुनी मोजणी आजही लोकांच्या आठवणीत आहे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात ती अशी म्हणत : यॅन, ट्यॅन, टेथरा, मेथरा, पिम्प, सेथरा, लेथरा, होवरा, डोवरा, डिक. पंधराला बम्फिट, विसाला गिगट. विसावर मोजणी थांबते आणि पुन्हा यॅनपासून सुरू होते. हे शब्द कुठून आले यावर अभ्यासक शंभराहून अधिक वर्षं वाद घालत आहेत. तोच वाद इथे दोघांच्या तोंडून मांडला आहे. मावशी ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. भाचा नोकरीनिमित्त कंब्रियात राहणारा, तिथल्या लोकपरंपरेवर जीव असलेला.

भाचा : मावशी, अँग्लो-सॅक्सन लोक येण्याआधी या बेटावर जी भाषा बोलली जायची, तिचे हे शब्द आहेत. राज्यं गेली, राजे गेले, भाषाही गेली, पण मेंढपाळाच्या तोंडात तिचे आकडे राहिले. पाचाला पिम्प म्हणतात. वेल्श भाषेतही पाचाचा उच्चार पिम्प असाच आहे. दहाला इथे डिक, वेल्शमध्ये डेग. पंधराला इथे बम्फिट, वेल्शमध्ये पम्थेग. इंग्रजीतले फाइव्ह, टेन, फिफ्टीन यांच्या जवळपासही हे शब्द येत नाहीत. इतकं साम्य योगायोगानं येत नाही.

मावशी : साम्य मला पूर्ण मान्य आहे. ते कोणत्या शाखेशी आहे तेही नेमकं सांगता येतं. केल्टिक भाषांच्या दोन शाखा आहेत. आयरिश आणि स्कॉटलंडची गेलिक एका बाजूला; वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्समधली ब्रेतॉन दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या शाखेला ब्रिथॉनिक म्हणतात. जिथे गेलिक शाखेनं ‘क’ राखला, तिथे ब्रिथॉनिक शाखेत ‘प’ झाला. म्हणून आयरिशमध्ये पाचाला ‘कूइग’ म्हणतात आणि वेल्शमध्ये ‘पिम्प’. तेव्हा पिम्प म्हणणाऱ्या मेंढपाळाचे आकडे आयर्लंडहून आलेले नाहीत, हे ठामपणे म्हणता येतं.

आणि हे घराणं आपल्यालाही परकं नाही. पिम्प आणि आपला पाच, डेग आणि आपला दहा, विसासाठीचा वेल्श ‘इगाइन’ आणि आपला वीस हे सगळे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. पंचदश झिजून आपला पंधरा झाला. पम्थेगमध्येही पाच अधिक दहा हीच जोडणी आहे. म्हणजे त्या डोंगरातला बम्फिट हा आपल्या पंधराचा दूरचा भाऊ. पण एक गोष्ट लक्षात ठेव. साम्यावरून शब्दाचं घराणं कळतं. तो त्या गावात कोणत्या शतकात आला, हे साम्यावरून कळत नाही. तू दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यास.

भाचा : मग नुसत्या शब्दांवर थांबत नाही, रचना बघ. सोळाला इथे ‘यॅन-अ-बम्फिट’ म्हणतात, म्हणजे पंधरावर एक. सतराला ‘ट्यॅन-अ-बम्फिट’, पंधरावर दोन. इंग्रजी सोळा असा बांधत नाही, ती सहा आणि दहा जोडते. वेल्श मात्र सोळाला ‘ईन आर बम्थेग’ म्हणते, शब्दशः पंधरावर एक. शिवाय ‘आर’ या शब्दानंतर वेल्शमध्ये ‘प’चा ‘ब’ होतो, म्हणून पम्थेगचं बम्थेग होतं. बम्फिटमधला ‘ब’ तिथूनच आला असणार. एखादा शब्द उसना घेता येतो, पण मोजण्याची आख्खी पद्धत कोणी सहज उसनी घेत नाही.

मावशी : हा तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पण तो दोन्ही बाजूंनी चालतो. कॉर्निश आणि ब्रेतॉन याही ब्रिथॉनिकच, पण त्या सोळा असा बांधत नाहीत. त्या सहा आणि दहाच जोडतात. पंधरावर एक ही रचना वेल्शची खास ओळख आहे. मग कोणी सरळ म्हणेल की ही मोजणी वेल्सहून आली. मध्ययुगात आली असेल किंवा त्याहून पुढे. गुरं-मेंढरं हाकत दूरच्या बाजाराला जाणाऱ्या लोकांबरोबर आली असेल, कामाच्या शोधात आलेल्या माणसांबरोबर आली असेल.

भाचा : पण वेल्सची सख्खी बहीण इथेच होती की! कंब्रियात आणि दक्षिण स्कॉटलंडमध्ये जी ब्रिथॉनिक बोली होती, तिला अभ्यासक कंब्रिक म्हणतात. कंब्रिया हे नाव आणि वेल्श लोक स्वतःच्या देशाला म्हणतात ते ‘कम्री’, दोन्हींचं मूळ एक, अर्थ देशबांधव. गावांची आणि नद्यांची नावं बघ. कार्लाइलमधला ‘कार’ म्हणजे किल्ला, वेल्शमधला ‘काएर’. पेनरिथमधला ‘पेन’ म्हणजे डोकं, टोक. डरवेंट नदीच्या नावात ओक वृक्ष आहे. दहाव्या शतकात नॉर्स लोक आले, त्यांनी ओढ्यांना ‘बेक’ आणि डोंगरांना ‘फेल’ म्हणायला सुरुवात केली, तरी जुनी नावं पुसली गेली नाहीत. जमिनीवर भाषा टिकते, तर जिभेवर का नाही टिकणार?

मावशी : गावाच्या नावाला आधार असतो. खरेदीखत, सारा, नकाशा, चर्चची वही, सगळीकडे ते लिहिलं जातं. बोलणारी भाषा बदलली तरी नवा माणूस जुनं नाव वापरतो, कारण शेजारी वापरतो. मोजणीला मात्र प्रत्येक पिढीत शिकवणारं आणि शिकणारं तोंड लागतं. आणि कंब्रिकचं आपल्यापाशी आहे काय? स्थळनावं, माणसांची नावं, आणि स्कॉटलंडच्या एका जुन्या कायद्याच्या संहितेत आलेले जेमतेम तीन पारिभाषिक शब्द. सलग लिहिलेलं एक वाक्यही उरलेलं नाही. ही बोली साधारण बाराव्या शतकात संपली असं मानतात. मेंढरांच्या मोजणीच्या हाती आलेल्या लेखी नोंदी मात्र अठराव्या शतकापासूनच्या, आणि बहुसंख्य एकोणिसाव्या शतकातल्या. मधल्या सहाशे वर्षांत एकही ओळ नाही.

भाचा : मेंढपाळाच्या तोंडचं लिहिणार कोण होतं? सरदार फ्रेंच बोलत होते, मठातले हिशेब लॅटिनमध्ये होत होते. नोंद झाली नाही म्हणजे वापर नव्हता असा निष्कर्ष काढला, तर जगातल्या निम्म्या लोकपरंपरा खोट्या ठरतील. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या किती शतकं कागदाबाहेर राहिल्या!

मावशी : खरं आहे. म्हणून मी ‘नव्हती’ असं म्हणत नाही. मी म्हणते, ‘होती’ असं म्हणायलाही पुरावा लागतो. सहाशे वर्षांची पोकळी ही पोकळीच राहते. तिच्यात तुझी कल्पना भरायची नाही आणि माझी शंकाही भरायची नाही. मात्र मोजणी स्वतःच काही सांगते का, ते आपण तपासू शकतो. पहिलाच शब्द घे. ‘यॅन’ वेल्श नाही. जुन्या इंग्रजीत एकाला ‘आन’ म्हणत, त्याचंच उत्तरेकडच्या बोलीतलं रूप ते यॅन. आजही तिथली माणसं रोजच्या बोलण्यात एकाला यॅन म्हणतात. म्हणजे तुझ्या प्राचीन ब्रिथॉनिक मोजणीचा पहिलाच आकडा इंग्रजी आहे, आणि दुसरा त्याच्याशी यमक जुळवून उभा आहे.

भाचा : सुरुवातीला इंग्रजी शिरली, कारण एक-दोन हे आकडे तोंडात सतत येतात. मधले आणि शेवटचे टिकले.

मावशी : मधले तरी कुठे टिकले? सहा ते नऊ बघ. सेथरा-लेथरा, होवरा-डोवरा. या यमकाच्या जोड्या आहेत. वेल्शमध्ये सहा, सात, आठ, नऊ यांना ‘ख्वेख, साइथ, उइथ, नाऊ’ म्हणतात. एखाद्या ध्वनीची सावली सापडेल, पण हे ते शब्द नाहीत. यॉर्कशायरच्या स्वेलडेल खोऱ्यात याच आकड्यांना एझर, सेझर, अकर, कॉन्टर म्हणत. दोन खोऱ्यांमध्ये अंतर फार नाही, पण शब्द पार वेगळे. टेथरा-मेथरा हीसुद्धा यमकाची जोडी आहे. लिंकनशायरमध्ये चाराला पेथरा म्हणत, ते वेल्शच्या ‘पेदवार’ला जास्त जवळचं, मेथरामधला ‘म’ कुठून आला हे वेल्शवरून सांगता येत नाही.

आणि लिंकनशायर हाच एक मोठा प्रश्न आहे. तो प्रदेश पूर्वेकडचा. तिथे अँग्लो-सॅक्सन वस्ती फार लवकर, पाचव्या-सहाव्या शतकातच झाली आणि ब्रिथॉनिक बोली लवकर मागे पडली. तरीही तिथली मोजणी यॅन, टॅन, टेथरा, पेथरा, पिम्प अशी अगदी नीट मिळते. जिथे जुनी भाषा सगळ्यात आधी संपली तिथेही मोजणी आहे, याचं सोपं उत्तर असं की मोजणी प्रवास करत तिथे गेली.

भाचा : एखाद्या ठिकाणी प्रवास करून गेली म्हणजे सगळीकडे प्रवास करूनच गेली असं होत नाही. उगम कंब्रियात आणि प्रसार बाहेर, असंही असू शकतं. नोंदींची दाटी उत्तरेकडेच आहे.

मावशी : असू शकतं. पण अशी मोजणी प्रवासाला किती सोपी असते ते बघ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातही ती सापडली. ‘ईन, टीन, टेथर, फेथर, फिप’ अशा रूपात. सांगणारी माणसं म्हणत, ही तिथल्या मूळ रहिवाशांची, इंडियन लोकांची मोजणी आहे. वसाहतीत आलेल्या इंग्रजांनी आपल्याबरोबर आणलेली मोजणी तिथे पुढे परक्या लोकांची ठरली. मोजणी प्रवास करते, आणि जिथे जाईल तिथे लोक तिला एक वंशावळ जोडून देतात.

दुसरं उदाहरण तुझ्या लहानपणातलं देते. विटीदांडू खेळताना तू काय मोजायचास?

भाचा : वकट, लेंड, मूंड, नाल...

मावशी : तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कन्नडमध्ये एकाला ओंदु आणि दोनाला एरडु म्हणतात, म्हणजे आपली मोजणी तेलुगूला जास्त जवळची. गावोगाव क्रम आणि उच्चार बदलतात, पण द्राविडी मूळ लपत नाही. आता सांग, एखाद्या मराठी गावातली मुलं ‘वकट-लेंड’ म्हणतात म्हणून त्या गावचे पूर्वज तेलुगू बोलत होते का?

भाचा : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. पण महाराष्ट्राच्या भूमीवर द्राविडी भाषांचा थर होता, मराठीवर त्यांचा ठसा आहे, हे तर अभ्यासकही मानतात.

मावशी : मानतात, आणि त्यासाठी शब्दांचे, ध्वनींचे, वाक्यरचनेचे वेगळे पुरावे देतात. विटीदांडूची मोजणी जुन्या थरातून आली असेल, किंवा खेळाबरोबर शेजारून आली असेल. शेकडो वर्षं सैन्यं, व्यापारी, वडार, विणकर या दोन प्रदेशांमध्ये ये-जा करत होते. त्यांच्याबरोबर मुलंही होती. मुलं खेळाचे शब्द अर्थ न विचारता उचलतात. दोन्ही शक्यता उभ्या राहतात. उत्तर इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे प्रश्न तोच आहे. घराणं दिसतं, तारीख दिसत नाही.

भाचा : मग तुझ्या मते या मोजणीत जपण्यासारखं काय उरतं? लोकांना तिचा अभिमान आहे तो तिच्या वयामुळे. हॅरिसन बर्टविसल यांनी तिच्या नावाचा ऑपेरा लिहिला, 1986 मध्ये तो रंगमंचावर आला. टेरी प्रॅचेट यांनी ती कादंबरीत आणली. 2017 मध्ये लेक डिस्ट्रिक्टला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, ते तिथल्या मेंढपाळी जीवनाचा मान राखूनच. त्या दगडी गडग्यांमधून, हर्डविक मेंढरांच्या कळपातून चालताना हे शब्द ऐकले की वाटतं, हरलेल्या माणसांचा आवाज अजून संपलेला नाही. ही भावना मला खोटी वाटत नाही. तू ती कागदाच्या एका तुकड्यासाठी सोडून द्यायला सांगतेस.

मावशी : भावना सोडू नकोस, तिचा आधार बदल. तू त्या मेंढपाळांना भांडं समजतोस, ज्यात कोणीतरी सहाव्या शतकात काही ओतलं आणि ते त्यांनी न सांडता एकोणिसाव्या शतकापर्यंत आणून दिलं. मला ती माणसं त्याहून मोठी वाटतात. त्यांनी ही मोजणी घडवली. आपल्या बोलीतला यॅन पुढे लावला, टॅन त्याला जोडला, टेथरा-मेथराचं, सेथरा-लेथराचं यमक बसवलं, म्हणजे जीभ अडखळणार नाही आणि मेंढरू सुटणार नाही. कुंपणाच्या फटीतून कळप धावत निघतो तेव्हा मोजणाऱ्याला अर्थ लागत नाही, लय लागते. विसावर थांबायचं, एक खडा खिशात टाकायचा किंवा एक बोट दुमडायचं, पुन्हा यॅन. इंग्रजीत विसाला ‘स्कोर’ म्हणतात, तो नॉर्स शब्द, मूळ अर्थ खाच. काठीवर पाडलेली खूण. आपल्याकडे विसाला कोडी म्हणत. विसाच्या गठ्ठ्यानं मोजणं हे कष्टकऱ्यांचं गणित आहे, आणि ते त्यांनी आपल्या गरजेनं बांधलं.

शिवाय ही मोजणी एकट्या मेंढपाळांची नव्हती. यॉर्कशायरच्या खोऱ्यांमध्ये बायका हातावर लोकरीचे मोजे विणत; डेंट गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं. टाके मोजायला त्याही हीच मोजणी वापरत. मुलं खेळात वापरत, आज्या नातवंडांना झोपवताना वापरत. मेंढपाळांचं नाव तेवढं पुढे राहिलं. टाके मोजणाऱ्या बायकांचा उल्लेख तूही केला नाहीस.

भाचा : हे मान्य करतो, मोजणी घडवलेली आहे. पण एक गोष्ट तू अजून सोडवलेली नाहीस. सहा ते नऊ झिजले, एक-दोन इंग्रजी झाले, खोऱ्याखोऱ्यांत रूपं बदलली. मग पाच, दहा आणि पंधरा जवळपास सगळीकडे तेच कसे? पिम्प किंवा पिप, डिक, बम्फिट. नुसत्या यमकानं जगणारी मोजणी असती तर हेही बदलले असते.

मावशी : हे तू बरोबर हेरलंस. एक हात संपला की पाच, दोन हात संपले की दहा. मोजणाऱ्याचा श्वास तिथे थांबतो. जिथे थांबतो तिथला शब्द पक्का बसतो. मधले शब्द लयीत वाहून जातात. पंधरा टिकला, कारण पुढचे चार आकडे त्याच्यावरच उभे आहेत. तो बदलला तर सोळा ते एकोणीस कोसळतील. म्हणून मी पिम्प, डिक आणि बम्फिट यांच्याबद्दल तुझ्याइतकीच ठाम आहे. ते ब्रिथॉनिक आहेत. गिगटही विसाच्या जुन्या ब्रिथॉनिक शब्दाचंच बदललेलं रूप असावं.

भाचा : आणि ते कधी आले?

मावशी : तीन शक्यता आहेत. कंब्रिकमधून अखंड चालत आले. किंवा दहाव्या शतकात उत्तरेकडच्या स्ट्रॅथक्लाइड राज्याचा जोर दक्षिणेकडे वाढला, तेव्हा त्या लोकांबरोबर आले. किंवा त्याहूनही पुढे, वेल्सहून. पहिली शक्यता सगळ्यात सुंदर आहे, म्हणून ती पुस्तकांत आणि पर्यटनाच्या फलकांवर निर्णय म्हणून छापली जाते. ती निर्णय नाही. नवा कागद सापडेपर्यंत तिघींना शेजारी शेजारी बसू द्यावं.

भाचा : मी पहिलीच्या बाजूनं राहीन, पण यापुढे ती शक्यता म्हणूनच सांगेन.

मावशी : एवढं केलंस तरी त्या माणसांचा मान राहिला.

दोघांचं इथे थांबणं मला योग्य वाटतं, पण वाद बरोबरीत सुटला असं मी म्हणणार नाही. घराण्याच्या प्रश्नावर भाचा जिंकतो. या मोजणीचा कणा ब्रिथॉनिक आहे. तारखेच्या प्रश्नावर मावशींचं म्हणणं टिकतं; सहाव्या शतकापासूनची अखंड परंपरा सिद्ध झालेली नाही. आणि या प्रश्नाला आज उत्तर नाही, याचं कारण साधं आहे. सतराव्या शतकातल्या एखाद्या पाद्र्यानं, कारकुनानं, शिक्षकानं आपल्या गावातली मोजणी चार ओळींत टिपून ठेवली असती, तर हा वाद इतका लांबला नसता. अलेक्झांडर एलिस या भाषाशास्त्रज्ञानं 1870 च्या दशकात गावोगावची रूपं गोळा करायला घेतली, तेव्हा बरीचशी मोजणी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतच उरली होती. त्यांनी ती टिपली म्हणून आज निदान वाद तरी घालता येतो.

आपल्याकडे अजून वेळ आहे. विटीदांडूच्या आकड्यांची गावोगावची रूपं, मेंढपाळांची कळप मोजण्याची पद्धत, विणकरांची आणि कासारांची गणती, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटांनी ठरणारे भाव आणि त्यांचे गुप्त शब्द हे सगळं ज्यांच्या तोंडी आहे, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. वाचकांना विनंती आहे की घरात किंवा गावात असं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. मोजणी जशी म्हणतात तशीच लिहून घ्या, सुधारू नका. शक्य असेल तर आवाजही टिपून घ्या. गावाचं नाव, तालुका, सांगणाऱ्याचं वय, ही मोजणी त्यांनी कोणाकडून आणि कोणत्या कामासाठी शिकली, हे खाली नोंदवा आणि तारीख घाला. वंशावळ पुढचे अभ्यासक लावतील. त्यांच्या हाती कागद असला पाहिजे, आणि तो आपणच लिहायचा आहे.